गोव्यात पोटासाठी आलेली दिव्यांग माणसं आणि त्यांची कुटुंबं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझे वडील चंदगडहून म्हापशाला आले ते बाजारात हमाली करायला. मागोमाग आई आली, मी आले आणि आईच्या पाठुंगळीला माझा धाकटा भाऊ. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. तेव्हा त्याच्यासाठी कुठे जायचं, कोणाला विचारायचं, हे सांगणारं एकही माणूस आम्हाला भेटलं नाही. आता आम्ही काही जण मिळून अशा घरांसोबत कचेऱ्यांत जातो, फॉर्म भरतो, दिव्यांगत्व तपासणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डासमोर बसतो. सिंधुदुर्ग, कोल्हापूर, बेळगावकडून आलेली माणसं आम्हाला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे उत्तरांसह लिहिले आहेत.

आम्ही गोव्याचे नाही. आमच्या मुलाला इथे काही हक्क आहे का?

आहे. ही गोष्ट सगळ्यात आधी मनात पक्की करा, कारण पहिल्याच खिडकीवर "तुम्ही इथले नाही" हे ऐकून निम्मी माणसं घरी परततात आणि पुन्हा येत नाहीत.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. तो १९ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झाला. समानतेचा, भेदभाव न होण्याचा, समाजात राहण्याचा हक्क त्यात 'दिव्यांग व्यक्ती'ला दिला आहे. ती व्यक्ती त्या राज्यात जन्मलेली असावी, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. शिवाय देशात कुठेही राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क राज्यघटनेच्या १९ व्या कलमाने प्रत्येक नागरिकाला आहे. आईबापांनी काम शोधत राज्याची सीमा ओलांडली, म्हणून मुलाचा हक्क पत्रादेवीच्या नाक्यावर अडकून पडत नाही.

अडचण होते ती दोन वेगळ्या गोष्टी एकाच दोरीत बांधल्यामुळे. राज्य सरकारच्या काही पैशांच्या योजनांना रहिवासाच्या वर्षांची अट असते आणि ती खरी आहे. पण प्रमाणपत्र, शाळा, तातडीचे उपचार, कामावरच्या अपघाताची भरपाई, पोलिसांचं संरक्षण आणि मोफत वकील यांसाठी कोणी वर्षं मोजू शकत नाही. समोरचा माणूस "पंधरा वर्षं झाली का?" म्हणाला, की शांतपणे विचारा, "ही अट कोणत्या योजनेची?" एवढ्या एका प्रश्नावर पुष्कळ वेळा पुढचा कागद हातात येतो.

मग पंधरा वर्षांची अट नेमकी कशाला आहे?

मुख्यतः दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेला. ज्येष्ठ नागरिक, एकट्या स्त्रिया आणि दिव्यांग यांना गोवा सरकार दरमहा जे पैसे देतं, ती ही योजना. समाजकल्याण खात्याच्या या योजनेला गोव्यात पंधरा वर्षांचं वास्तव्य लागतं. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेला पाच वर्षं पुरतात. तिच्यात तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. गोव्यात पाच वर्षं होऊनही हे कार्ड न काढलेली घरं आम्हाला सतत भेटतात. आधी ते काढा.

याची दुसरी बाजूही बघा. महाराष्ट्राच्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेलाही त्या राज्यात पंधरा वर्षांचा रहिवास लागतो. म्हणजे दोडामार्गचा एखादा पायाने अधू माणूस कुटुंबाबरोबर डिचोलीला आला, की तिकडचं अनुदान सुटतं आणि इकडचं मिळायला पंधरा वर्षं थांबावं लागतं. मधली पंधरा वर्षं त्याचा पाय तसाच असतो, औषधं तशीच लागतात. रेशन देशात कुठेही उचलता येतं, मग पेन्शन का नाही? दिव्यांगांच्या संघटनांनी ही मागणी दोन्ही राज्यांच्या विधानसभांपर्यंत नेली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

तोवर करायचं एवढंच, की आल्या दिवसापासूनचे कागद जपायचे. मुलांच्या शाळेचे दाखले, मतदार यादीतलं नाव, विजेचं बिल, इस्पितळाचे केस पेपर, बँकेचं पासबुक, काहीही. मामलेदार कचेरीत पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला मागायची वेळ येते, तेव्हा वर्षामागून वर्षाचा पुरावा लागतो. आमच्या शेजारच्या आजींना सतरा वर्षं झाली होती, पण मधल्या चार वर्षांचा एक कागद नव्हता. खोली बदलताना ट्रंक भिजली आणि सगळं गेलं. शेवटी नातवाच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमधल्या पत्त्याने ती चार वर्षं भरून निघाली.

प्रमाणपत्र गावी काढलंय. ते इथे चालतं का?

चालतं. कायद्याच्या ५८ व्या कलमात स्पष्ट लिहिलं आहे, की दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र देशभर वैध असतं. "आमच्या बोर्डाचंच आणा" असं कोणी म्हणालं, तर हे कलम दाखवा. प्रमाणपत्र जुनं, हाताने लिहिलेलं असेल, तर मात्र ते यूडीआयडी म्हणजे स्वावलंबन कार्डाच्या पोर्टलवर चढवून कार्ड काढून घ्या. १ जून २०२१ पासून प्रमाणपत्रं या पोर्टलवरूनच दिली जातात आणि जुन्या कागदाकडे बघून आता कचेऱ्यांत भुवया उंचावतात.

प्रमाणपत्रच नाही. त्यासाठी गावी जावं लागेल का?

नाही, आणि जाऊही नका. दोन दिवसांची मजुरी बुडते, गाडीभाडं जातं आणि तिथे डॉक्टर नसला तर पुन्हा खेप पडते.

नियम असा आहे, की अर्जात ज्या जिल्ह्याचा रहिवासाचा पुरावा जोडाल, त्या जिल्ह्यात अर्ज करता येतो. किंवा त्या दिव्यांगत्वावर ज्या सरकारी इस्पितळात उपचार चालू आहेत किंवा झाले आहेत, तिथेही करता येतो. हा दुसरा पर्याय फार थोड्यांना माहीत असतो. आधारवर अजून गडहिंग्लजचा पत्ता असला, तरी मुलाचे उपचार बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) चालू असतील, तर तिथले केस पेपर तुमच्या बाजूने उभे राहतात. उत्तर गोव्यात म्हापशाचं आणि दक्षिणेत मडगावचं जिल्हा इस्पितळ आहे. मानसिक आजारासाठी बांबोळीची मनोरुग्ण संस्था आहे.

बोर्डाचा दिवस कसा असतो, ते आधीच सांगून ठेवते. मागे एका आईबरोबर गेले होते. मुलगा चौदा वर्षांचा, अंगाने भरलेला, पाय तिच्या गुडघ्यांपर्यंत लोंबतायत. व्हीलचेअर होती, पण एक चाक फिरत नव्हतं. फॉर्मवर 'कायमचा पत्ता' असा रकाना आला आणि ती थबकली. गावचा लिहू की खोलीचा? गावचं घर पडलंय आणि खोली तर दर अकरा महिन्यांनी बदलते. मी म्हटलं, आज रात्री जिथे झोपणार आहात तो सध्याचा पत्ता लिहा आणि गावचा कायमचा म्हणून लिहा, दोन्ही खरे आहेत. तेवढ्यात मुलाने पेन मागितलं. त्याला सही करायची होती. वीस मिनिटं लागली, मागे रांग खोळंबली, पण कोणी हूं की चूं केलं नाही. अर्ज त्याच्या सहीने गेला.

२०२४ साली नियम बदलले, त्यानुसार प्रमाणपत्र तीन महिन्यांच्या आत मिळायला हवं. मुदत उलटली की लेखी विचारा. आणि अर्जाला पैसे लागत नाहीत, एक रुपयाही नाही. "कार्ड करून देतो, तीन हजार द्या" म्हणणारे दलाल वस्त्यांत फिरतात. त्यांच्याकडे मूळ कागद देऊ नका.

टक्के कमी लागले तर?

चाळीस टक्क्यांच्या खाली असलं तरी पांढरं कार्ड मिळतं. चाळीसपासून ऐंशीच्या आतपर्यंत पिवळं आणि ऐंशी व पुढे निळं. आरक्षण आणि बहुतेक सवलती चाळीस टक्क्यांपासून सुरू होतात. टक्के चुकीचे वाटले, तर अपील करता येतं. बोर्डाचा कागद म्हणजे काही काळ्या दगडावरची रेघ नाही. मात्र भेदभावाविरुद्धचं संरक्षण टक्क्यांवर ठरत नाही. पांढऱ्या कार्डाच्या माणसालाही कोणी हिणवू शकत नाही.

कार्ड बनवताना बोटांचे ठसे उमटत नाहीत. डोळे मिचकवा म्हणतात, ते जमत नाही. मग?

आधारमध्ये अशा माणसांसाठी बायोमेट्रिक अपवादाची सोय आहे. बोटं नाहीत किंवा बुबुळ स्कॅन होत नाही, म्हणून नोंदणी नाकारता येत नाही. बँक आणि सिमकार्डाच्या केवायसीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी निकाल दिला. डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि डोळे मिचकवण्याऐवजी दुसरी पद्धत द्यावीच लागेल, असं त्यात म्हटलं आहे. शाखेत हे नम्रपणे, पण ठामपणे सांगा.

शाळेने "जागा नाही, आमच्याकडे शिक्षक नाही" म्हणून परत पाठवलं. आता?

सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे आणि चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असेल तर तो अठरा वर्षांपर्यंत लांबतो. जवळची नेहमीची शाळा की विशेष शाळा, हे मूल आणि पालक ठरवतात. वयाचा दाखला नाही, गावच्या शाळेचा दाखला यायचाय, वर्षाच्या मध्येच आलात, यातल्या कशावरूनही प्रवेश अडवता येत नाही. नकार मिळाला तर तो लेखी मागा. लेखी मागितला की अनेकदा नकाराचा होकार होतो, हा आमचा अनुभव आहे.

विशेष शाळांमध्ये पर्वरीची संजय स्कूल, ढवळीचं लोकविश्वास प्रतिष्ठान, जुन्या गोव्यातली सेंट झेवियर्स अकादमी ही नावं लक्षात ठेवा. पण विशेष शाळाच हवी, असं आधीच ठरवून टाकू नका. माझा भाऊ गल्लीतल्या मराठी प्राथमिक शाळेत चार वर्षं गेला. तिथल्या बाईंनी त्याचं बाक दाराजवळ ठेवलं होतं, म्हणजे आईला उचलून ठेवायला सोपं जायचं. त्याला आज वाचता येतं, ते त्या बाकामुळे.

तपासणीत मुलाला "मतिमंद" ठरवलं. आम्हाला तसं वाटत नाही. हे भाषेमुळे असू शकतं का?

असू शकतं आणि हा मुद्दा माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे.

घरात चंदगडी मराठी, वस्तीत हिंदी, शेजारी कन्नड, अंगणवाडीत कोंकणी आणि तपासणीच्या टेबलावर इंग्रजी. पाच वर्षांच्या पोराने कुठल्या भाषेत हुशार दिसायचं? एका तपासणीच्या वेळी मी स्वतः शेजारी बसले होते. समोर चित्रांची पुस्तिका. बाई कोंकणीत विचारतायत, "हें कितें?" पोरगी गप्प. पुढचं पान, "आनी हें?" पुन्हा गप्प. बाई शिकवण्याच्या कळकळीने विचारत होत्या, त्यांचा दोष नव्हता. मी विचारलं, मी एकदा विचारू का? त्या हो म्हणाल्या. मी मुलीला म्हटलं, "ह्ये काय गं?" ती लगेच म्हणाली, "सूप." चित्र सुपाचंच होतं. पुढच्या पानावर छत्री होती. तिने नुसतं सांगितलं नाही, तर हात वर धरून उघडून दाखवली. बाईंनी तिथेच तपासणी थांबवली आणि पुढच्या तारखेला घरच्या भाषेत बोलणारं माणूस सोबत आणायला सांगितलं. मुलीला ऐकू कमी येत होतं, बुद्धीचा काही प्रश्नच नव्हता. आता ती कानाला यंत्र लावते.

म्हणून तपासणीआधीच सांगा, की मूल घरी कोणती भाषा बोलतं. ज्या माणसाशी ते मोकळं बोलतं, त्याला बरोबर न्या. ऐकण्याची आणि डोळ्यांची तपासणी आधी आणि बुद्ध्यांकाची नंतर, हा क्रम मागून घ्या. वाचा-उपचार चालू असतील, तर घरची भाषा सोडा असं कोणी सांगितलं तरी सोडू नका. आजीशी बोलता न येणारं मूल एकटं पडतं. मुलांच्या विकासाच्या प्रश्नांसाठी पर्वरी भागात 'सेतू' ही संस्था आहे, तिथे पालकांनाही मार्गदर्शन मिळतं.

मूकबधिर मुलांचं थोडं वेगळं आहे. गावाकडून आलेल्या मुलाच्या खुणा फक्त घरच्यांना कळतात. त्याला भारतीय सांकेतिक भाषा लवकरात लवकर मिळाली पाहिजे. ती भाषा राज्य बदललं तरी उपयोगी पडते.

नवरा परांचीवरून पडला, कंबरेखाली जीव नाही. ठेकेदार म्हणतो, पन्नास हजार घ्या आणि गावी जा.

घेऊ नका, निदान कशावरही सही किंवा अंगठा देऊन तर मुळीच घेऊ नका. कोऱ्या स्टॅम्प पेपरवर अंगठा घेऊन माणसाला रात्रीच्या बेळगाव गाडीत बसवून दिलेलं मी पाहिलं आहे. गावी गेल्यावर ना पोलीस जबाब होतो, ना साक्षीदार सापडतात. त्या माणसाचं पुढे काय झालं ते आम्हाला कळलंच नाही, आणि ते अजूनही मनाला लागून आहे.

कामावर अपघात होऊन आलेल्या अपंगत्वाची भरपाई देणं मालकावर बंधनकारक आहे. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यापासून हे तत्त्व चालत आलं आहे आणि आता ते २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. ठेकेदार पळाला, तर ज्याचं बांधकाम चालू होतं त्या मूळ मालकाला धरता येतं. हक्क सोडून दिल्याचा करार कायद्यापुढे टिकत नाही.

भरपाई किती, त्याचं गणित ठरलेलं आहे. कायमचं आणि पूर्ण अपंगत्व असेल, तर महिन्याच्या मजुरीचे साठ टक्के घ्यायचे आणि वयानुसार ठरवून दिलेल्या आकड्याने गुणायचं. तीस वर्षांच्या माणसासाठी तो आकडा २०७.९८ आहे. मजुरी महिना १५,००० धरली, तर ९,००० गुणिले २०७.९८, म्हणजे १८,७१,८२० रुपये. आता ठेकेदाराचे पन्नास हजार त्याच्या शेजारी ठेवून बघा. अपंगत्व अंशतः असेल, तर कमाईची क्षमता जितकी गेली त्या प्रमाणात रक्कम कमी होते.

दावा दोन वर्षांच्या आत करावा लागतो. पहिल्या काही दिवसांत तीन गोष्टी करा. इस्पितळात "घरी पडला" असं कोणाच्या सांगण्यावरून लिहू देऊ नका, "अमुक साइटवर कामावर पडला" असंच लिहून घ्या. पोलिसांत नोंद करा. मुकादमाचे फोनवरचे निरोप, हजेरीची वही, गुगल पेवर आलेली मजुरी यांचे फोटो काढून ठेवा. पणजीला पाटोवर श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे. राज्य सोडलंत तरी हक्क जात नाही, कारण कामगार राहतो त्या ठिकाणीही दावा दाखल करता येतो.

कारखान्यात किंवा हॉटेलात पगारातून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापत असतील, तर भरपाईचा मार्ग ईएसआयमधून जातो. तिथे पगाराची मर्यादा २१,००० आहे, पण दिव्यांग कामगारांसाठी २५,०००. आणि अजून काही झालं नसेल, तर बँकेत वर्षाला वीस रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा आजच सुरू करा. पूर्ण अपंगत्वाला त्यात दोन लाख मिळतात.

गोमेकॉत बाहेरच्यांना पैसे लावतात, हे खरं का?

२०१८ पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना काही सेवांचं शुल्क लागतं. पण बाहेरचा कोण, हे कागदावर ठरतं. गोव्याचं मतदार ओळखपत्र किंवा दीनदयाळ कार्ड असेल तर ते घेऊन जा. आयुष्मान कार्ड गावी निघालेलं असलं, तरी योजनेत नोंद असलेल्या इस्पितळात ते देशात कुठेही चालतं. पैसे नसतील, तर इस्पितळातल्या समाजसेवकाला भेटा. त्या खोलीचं दार फार कमी लोक ठोठावतात.

बहिणीला मानसिक आजार आहे, ती घराबाहेर निघून जाते.

मानसिक आजार हा कायद्यातल्या एकवीस दिव्यांगत्वांपैकी एक आहे, तिलाही कार्ड मिळू शकतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार सरकारी उपचार मिळणं हा तिचा हक्क आहे. भरकटलेली व्यक्ती पोलिसांना सापडली, तर चोवीस तासांच्या आत तिला आरोग्य केंद्रात नेणं त्यांचं काम आहे, तिला कोठडीत ठेवता येत नाही. तिच्या पिशवीत घरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी मराठी आणि इंग्रजीत शिवून ठेवा. बोलायचं असेल, तर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक रात्रीही चालू असतो. गोव्यात १९९६ पासून काम करणारी 'संगाथ' ही संस्थाही याच विषयातली.

भाटकार (घरमालक) भाड्याचा करार लिहून देत नाही. पत्त्याचा पुरावा कुठून आणू?

भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देणं घरमालकाला बंधनकारक आहे. त्या अर्जाची शिक्का मारलेली प्रत मागा, ती बरीच कामाला येते. मतदार नोंदणीसाठी तुम्ही इथे खरोखर राहता एवढं पुरतं. चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असेल, तर मत घरूनही देता येतं. रेशन कार्ड गावचं असलं, तरी 'एक देश एक रेशन कार्ड'मध्ये गोवा १ जानेवारी २०२० पासून आहे. धान्य इथल्या दुकानातून उचलता येतं आणि घरचे गावी असतील, तर ते आपला वाटा तिथे घेऊ शकतात.

दिव्यांगांच्या संघटना नक्की काय करतात? तिथे आम्हाला कोण विचारणार?

शाळा आणि उपचार देणाऱ्या संस्था वेगळ्या आणि हक्कांसाठी भांडणाऱ्या संघटना वेगळ्या. 'डिसॅबिलिटी राइट्स असोसिएशन ऑफ गोवा' ही दुसऱ्या प्रकारची. इमारतींना रॅम्प, रस्त्यांना चालण्याजोगे पदपथ, नियमांची अंमलबजावणी यांसाठी ती पाठपुरावा करते. दृष्टिहीनांसाठी नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडची गोवा शाखा आहे.

जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा उत्सव झाला, तेव्हा मी भावाला घेऊन गेले होते. एवढी व्हीलचेअरवरची माणसं एका ठिकाणी त्याने आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. संध्याकाळी परतताना तो म्हणाला, "ताई, आज माझ्याकडे कोणीच वळून बघितलं नाही." हे घडवून आणणाऱ्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण त्याच दिवशी आमच्या वस्तीतल्या सहा दिव्यांगांपैकी कोणालाही या उत्सवाची खबर नव्हती. माहिती इंग्रजीत फिरली आणि वस्तीत ती पोचवायला कोणी गेलं नाही. संघटनांना माझं सांगणं आहे, की पत्रकं मराठीत, कन्नडमध्ये, हिंदीत काढा आणि ती पहाटे मजूर नाक्यावर वाटा. आणि वस्तीतल्यांना सांगणं असं, की बैठकीला जा. बोलावलं नाही तरी जा. तुम्ही गेल्याशिवाय तुमचा प्रश्न त्यांच्या वहीत येणार नाही. २०११ च्या जनगणनेत गोव्यात ३३,०१२ दिव्यांगांची नोंद झाली. नव्या जनगणनेचा माणूस दारात येईल, तेव्हा घरातल्या दिव्यांग माणसाचं नाव लपवू नका.

"घाटी" म्हणून, "लंगड्या" म्हणून चारचौघांत हिणवतात. तक्रार करता येते?

येते. दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत अपमान व्हावा अशा हेतूने केलेली शिवीगाळ किंवा धमकी हा दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या ९२ व्या कलमाखाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत आणि दंड. मारहाण, पिळवणूक किंवा घरात कोंडून ठेवणं असेल, तर कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडेही जाता येतं.

सरकारी कचेरीच दाद देत नसेल तर?

पणजीतल्या राज्य दिव्यांगजन आयुक्तांकडे लेखी तक्रार करा. चौकशीसाठी साक्षीदार आणि कागद मागवायचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार त्यांना आहेत. साध्या कागदावर, मराठीत लिहिलं तरी चालतं. काय घडलं, कोणत्या तारखेला, कोणत्या खिडकीवर आणि तुम्हाला काय हवंय, एवढंच लिहा. वकील हवा असेल, तर दिव्यांग व्यक्तीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात तशी तरतूद आहे. त्यासाठी १५१०० वर फोन करा.

हॉटेलात काम करणारा आमचा नेपाळी सहकारी अपघातात अधू झाला. त्याचं काय?

यूडीआयडी कार्ड भारतीय नागरिकांसाठी आहे. पण कायद्यापुढे समानता आणि जीविताचा हक्क राज्यघटनेने 'व्यक्ती'ला दिला आहे, फक्त नागरिकाला नव्हे. उपचार, पोलीस तक्रार आणि कामावरच्या अपघाताची भरपाई हे त्याचेही हक्क आहेत. त्याला एकटं सोडू नका.

अपंग म्हणायचं की दिव्यांग?

सरकारी कागदावर दिव्यांग. बाकी त्या माणसाला विचारा. माझा भाऊ म्हणतो, "मला संतोष म्हणा."

पुढे कधी गावी परत गेलो, तर इथे केलेलं सगळं वाया जाईल का?

नाही. कार्डाचा क्रमांक तोच राहतो, पोर्टलवर फक्त पत्ता बदलून घ्यायचा. शाळेचा दाखला आणि इस्पितळाची पूर्ण फाइल निघण्याआधी हातात घ्या. तपासण्यांच्या प्रती मागायला लाजू नका, त्या तुमच्याच आहेत. कुबड्या, व्हीलचेअर, श्रवणयंत्र केंद्राच्या योजनेतून मिळालं असेल, तर पावतीही जपा, कारण तेच साधन पुन्हा मिळायला साधारण तीन वर्षं जावी लागतात, बारा वर्षांखालच्या मुलांना एक. आणि निघायच्या आधी आम्हाला कळवा. चंदगड, आजरा, सावंतवाडीकडे आमच्यासारखंच काम करणारी माणसं आहेत, त्यांना तुमचा नंबर देऊ.